पोटरी फडफडते आणि झोप उडते: स्नायूंच्या फडफडीचा धसका घेतलेल्या तरुणांसाठी

रात्री अडीच वाजता माझी डावी पोटरी फडफडायला लागली, तेव्हा मी पुण्यात पेठेतल्या एका खोलीत राज्यसेवेचा अभ्यास करत होतो. वय २५. दिवसाला सात-आठ चहा, चार-साडेचार तास झोप, पूर्वपरीक्षा दोन महिन्यांवर. कातडीखाली किडा वळवळावा तसं दोन-तीन सेकंद चालायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आजी असती तर ‘शीर उडतेय रे, झोप’ म्हणाली असती आणि कूस बदलली असती. माझ्या हातात मोबाइल होता. पंधरा मिनिटांत मी एएलएस या आजारापर्यंत पोचलो (त्यात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात आणि शरीर लुळं पडत जातं) आणि पुढचे सात महिने तिथेच मुक्काम केला.

त्या सात महिन्यांत जे मला कुणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं, ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द या लेखाच्या वरचा समजा.

एक गंमत बघा. डोळा लवला की आपण घाबरत नाही. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा लवला तर शुभ, उलटं झालं तर थोडी कुरकुर, आणि विषय संपला. पापणीची ती फडफड आणि पोटरीची फडफड एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या. पण पापणीच्या वाट्याला शकुन आला, पोटरीच्या वाट्याला काहीच आलं नाही, मग तिचा अर्थ इंटरनेटने लावला.

आत नेमकं काय होतं

मज्जारज्जूत एक चेतापेशी असते, तिची लांब तार स्नायूपर्यंत जाते आणि टोकाला अनेक स्नायूतंतूंना जोडलेली असते. पोटरीसारख्या मोठ्या स्नायूत एकेका पेशीच्या हाताखाली शेकडो तंतू असतात. मेंदूचा हुकूम नसताना ही तार आपणहून एकदा चेतली, की तिच्या हाताखालचे सगळे तंतू एकदम आकसतात. तीच आपल्याला जाणवणारी टिचकी. डॉक्टर तिला फॅसिक्युलेशन म्हणतात. झोप कमी, चहा-कॉफी जास्त, जिममध्ये पाय दमवलेले, अंगात भीतीचं ॲड्रेनॅलिन खेळतंय, अशा वेळी या तारा सहज चेततात. म्हणजे फडफडीला घाबरलो की फडफड वाढते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या म्हणीला शरीरशास्त्राचाही असा आधार आहे.

आडवं पडल्यावर ती जास्त जाणवते, कारण स्नायू मोकळा असतो आणि लक्ष द्यायला दुसरं काही नसतं. चालायला लागलात की बहुतेक वेळा थांबते.

१९६३ साली अमेरिकेत निरोगी वैद्यकीय कर्मचाऱ्यांची पाहणी झाली होती. त्यात सुमारे ७० टक्के लोकांनी अशी फडफड कधी ना कधी झाल्याचं सांगितलं. तेव्हा ‘मलाच का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा.

पहिली पायरी: फडफड मोजू नका, काम होतंय का ते बघा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. एएलएसमध्ये चेतापेशी मरत जातात, म्हणून त्या स्नायूचं काम बंद पडत जातं. फडफड असते, पण ती बहुधा अशक्तपणाच्या आणि स्नायू झिजण्याच्या सोबतीने येते. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो साधारणपणे काहीतरी करता येईनासं झालं म्हणून. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, चालताना पाऊल घासतं, चप्पल निसटते, जीभ जड होऊन बोलणं अस्पष्ट होतं, गिळताना ठसका लागतो.

इथे एक फसगत होते. ‘पायात जीव नाही असं वाटतं’ आणि ‘पाय उचलता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेल्या माणसाला पहिली हमखास वाटते. मी रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर जायचो आणि वर बसून पाय अशक्त झाल्याची काळजी करायचो! खरा अशक्तपणा ‘वाटत’ राहत नाही. तो कामात दिसतो, दुसऱ्यांनाही दिसतो, आणि आज डाव्या पायात, उद्या उजव्या दंडात, परवा गायब, असा फिरत नाही.

खालीलपैकी काही असेल तर मात्र लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा:

- एखादा हात, पाय, बोट खरोखर कमजोर होत चाललंय, वस्तू पडतायत, अडखळून पडायला होतंय
- बोलण्यात किंवा गिळण्यात बदल झालाय आणि तो घरच्यांच्या लक्षात आलाय
- एका ठिकाणचा स्नायू दिसण्याइतका बारीक झालाय
- बधिरपणा पसरतोय, किंवा कंबरदुखीसोबत पायातली ताकद जातेय. लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा
- वजन उतरतंय, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फार येतो. यात थायरॉइडचा संशय घेतात

आणि एक गोष्ट खास गावाकडच्या वाचकांसाठी. शेतात कीटकनाशक फवारल्यानंतर अंग फडफडायला लागलं, सोबत लाळ, घाम, उलट्या, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दम लागणं, असं काही असेल तर ही चिंता नव्हे, विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत घ्या आणि तडक रुग्णालयात जा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकऱ्यांचे जीव गेले, ते विसरण्यासारखं नाही.

दुसरी पायरी: डॉक्टर, एकदा आणि नीट

आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. थेट मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेण्याची घाई नको. जाताना एका कागदावर इतकंच लिहून न्या: कधीपासून, कुठे, झोप किती, चहा-कॉफी-दारू-सिगारेट किती, कोणती औषधं चालू आहेत. औषधांत सगळं सांगा. दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, जिमची व्यायामाआधी घ्यायची पावडर. त्या पावडरीच्या एका चमच्यात कित्येकदा दोन-तीन कॉफींइतकं कॅफीन असतं, आणि पोरं वर पुन्हा चहा पितात.

रक्ताच्या तपासण्यांत डॉक्टर साधारणपणे थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, साखर, मूत्रपिंडाचं काम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघतात. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. ते कमी निघालं तर उपचार घ्या, पण ‘सापडलं एकदाचं कारण!’ म्हणून नाचू नका. फडफडीचा आणि त्याचा संबंध असेलच असं नाही, आणि इंजेक्शनं घेऊनही फडफड राहिली तर भीती दुप्पट जोराने परत येते. माझं तसंच झालं. सीपीके नावाची, स्नायूंना ताण किंवा इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी सांगितली तर आदले काही दिवस जिमला सुट्टी द्या. जड व्यायामानंतर तो आकडा वाढलेला येतो आणि नवी काळजी गळ्यात पडते.

मग सगळ्यात अवघड वाक्य. ते डॉक्टरांसमोर मोठ्याने म्हणा: ‘मला एएलएसची भीती वाटतेय.’ मी तीन भेटींत हे बोललो नाही, नुसतं ‘पाय फडफडतो’ म्हणत राहिलो, आणि दर वेळी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत आलो. चौथ्या वेळी बोललो तेव्हा डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, हातोडीने गुडघे ठोकले, तोंड उघडून जीभ आतल्या आत सैल ठेवायला सांगून पाहिली. दहा मिनिटांत ही तपासणी झाली. तिची किंमत माझ्या सात महिन्यांच्या वाचनापेक्षा जास्त होती.

त्यांना शंका वाटली किंवा तुमचं समाधान झालं नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे एकदा जायला हरकत नाही. गरज वाटली तर ते ईएमजी करतील. त्यात बारीक सुई स्नायूत घालून विजेच्या हालचाली बघतात. थोडं दुखतं, सहन होतं. तपासणी स्वच्छ आली की फाइल कपाटात ठेवा. ‘ईएमजी लवकर केली असेल तर?’ हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात हमखास डोकं वर काढतो. तो प्रश्न स्नायूतून येत नाही, हे पुढच्या पायऱ्यांत कळेल.

आकडे, कारण आपण ते शोधतोच

एएलएस वर्षाला लाखात साधारण दोन जणांना नव्याने होतो, आणि बहुतेकांना पन्नाशी-साठीच्या आसपास. विशी-तिशीत तो फार दुर्मिळ. इथे प्रत्येक जण भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं नाव काढतो, मीही काढलं होतं. १९६३ मध्ये २१ व्या वर्षी त्यांचं निदान झालं, हे खरं. पण त्यांची सुरुवात कशी झाली ते वाचा: अवघडल्यासारख्या हालचाली, तोल जाणं, जिन्यावरून पडणं, बोलणं किंचित जड होणं. म्हणजे पुन्हा काम बिघडणंच. ते २०१८ पर्यंत, ७६ वर्षं जगले.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त फडफड होती, बाकी तपासणी ठीक होती, अशा १२१ लोकांवर त्यांनी २ ते ३२ वर्षं नजर ठेवली. एकालाही एएलएस झाला नाही. हे वाक्य एकदा वाचा. दहाव्यांदा वाचत असाल तर ती माहिती राहिली नाही, गोळी झाली, आणि तिचा असर दर वेळी कमी होत जातो.

तिसरी पायरी: तपासणं सोडा

खरा आजार इथे आहे. फडफड दिवसातून काही मिनिटं असते, तपासणं दिवसभर चालतं. माझी यादी सांगतो, तुमची जुळून येईल.

आरशासमोर जीभ बाहेर काढून बघणं, दिवसाला वीस वेळा. (बाहेर काढलेली जीभ सगळ्यांचीच थरथरते. खात्री करायला रूममेटला जीभ काढायला लावली, तर त्याची माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती. तो आजतागायत हसतो.) शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजणं. टेप बोटभर वर-खाली झाली तरी अर्धा सेंटिमीटर फरक पडतो, आणि दोन पाय तसेही कुणाचे तंतोतंत सारखे नसतात. अभ्यासिकेच्या जिन्यात कुणी नाही बघून टाचांवर चालणं. आणि रोज रात्री गावी फोन: ‘आई, माझा आवाज नीट येतोय ना?’ तिला वाटायचं रेंजबद्दल विचारतोय.

पर्वतीच्या पायऱ्याही याच यादीत होत्या, हे फार उशिरा कळलं. व्यायाम म्हणून सुरू केलं आणि परीक्षा होऊन बसली: आज किती मिनिटांत चढलो, कालपेक्षा दमलो का?

प्रत्येक तपासणीनंतर दोन मिनिटं बरं वाटतं. मेंदू त्या दोन मिनिटांतून चुकीचा धडा घेतो: धोका होता, तपासलं म्हणून वाचलो, पुन्हा तपास. हे चक्र तोडायचा मार्ग असा:

पहिले तीन दिवस काहीही थांबवू नका, नुसत्या रेघा मारा. एक तपासणी, एक रेघ. आईला विचारलं, एक रेघ. मोबाइलवर शोधलं, एक रेघ. माझ्या पहिल्या दिवशी ६३ झाल्या. तो आकडा बघून जो धक्का बसला तो कुठल्याही समजावण्याने बसला नसता.

चौथ्या दिवसापासून पुढे ढकला. तपासायची हुक्की आली की घड्याळ बघा आणि वीस मिनिटं थांबा. त्यानंतरही वाटलं तर तपासा. निम्म्या वेळा विसरायला होतं. आठवड्याने वीसचे चाळीस करा. मग एकेक सवय मुळापासून सोडा, आणि सगळ्यात सोपी आधी. मी टेप शेजारच्या काकूंना देऊन टाकली, त्यांना पडदे मापायचे होते. जीभ मात्र शेवटपर्यंत चिवट निघाली. खोलीतल्या आरशावर महिनाभर टॉवेल टाकावा लागला.

मोबाइलवर लक्षणं शोधणं पूर्ण बंद. ‘फक्त एकदा’ ही सवलत नको. त्या एका वेळेतच नेमकी कुणाची तरी वाईट गोष्ट वाचनात येते.

घरच्यांना विश्वासात घ्या. आपल्या घरांत धीर देण्याची पद्धत म्हणजे ‘काही नाही होत रे तुला’. प्रेमाने म्हणतात, पण तीही रेघच आहे. मी आईला सगळं सांगितलं आणि ठरवून घेतलं. पुढच्या वेळी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं तूच सांगितलंयस. जेवलास का?’ पहिल्यांदा राग आला. मग जेवलो.

आणि फडफड आलीच, तर स्वतःशी काय म्हणायचं? ‘नक्की काही नाही’ असं म्हणू नका, कारण ‘नक्की’ म्हटलं की मन पुरावा मागतं. ‘फडफडतंय. फडफडू दे.’ एवढंच म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. शंभर टक्के खात्री कुणालाच कशाचीच मिळत नसते. रस्ता ओलांडताना आपण ती मागत नाही, पोटरीच्या बाबतीतच मागतो.

चौथी पायरी: चहा, झोप, पाय

इथे फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कॉफीत त्याहून जास्त. एकदम बंद केलं तर डोकं ठणकतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा आणि दुपारी तीननंतरचा आधी. झोपेची वेळ ठरवा आणि मोबाइल हात पुरणार नाही इतका लांब ठेवा. उन्हात घाम गाळून आलात तर पाणी आणि मीठ-साखर पोटात जाऊ द्या. व्यायाम सोडू नका. स्नायू झिजेल या भीतीने पलंगावर पडून राहिलं तर खरोखरच ताकद कमी होते. फक्त वेळ आणि पायऱ्या मोजू नका.

मॅग्नेशियमच्या गोळ्या हल्ली सगळेच सुचवतात. रक्तात ते कमी असेल तर उपयोग होतो. नसेल तर फार अपेक्षा नको. जास्त झाल्या तर जुलाब होतात, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. केळी खा, चांगली असतात. इलाज म्हणून खाऊ नका.

छाती भरून येते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, तेव्हा बहुधा आपण भराभर श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कॅल्शियमचा वापरता येण्याजोगा भाग कमी होतो आणि चेता आणखी चिडतात. अशा वेळी ‘खोल श्वास घे’ हा सल्ला उलटा पडू शकतो. श्वास हळू करा. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, पाचेक मिनिटं.

एवढ्यानेही सुटलं नाही तर

दोन-तीन महिने प्रयत्न करूनही दिवसाचा तास-दीड तास याच विचारात जात असेल, अभ्यास किंवा नोकरी अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठा. आजाराच्या चिंतेचं हे रीतसर निदान आहे, आणि त्यावर विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, चांगली लागू पडते. वर सांगितलेल्या रेघा आणि पुढे ढकलणं त्यातलंच आहे, फक्त सोबतीला जाणकार माणूस असतो. काहींना गोळ्या लागतात. एसएसआरआय गटातल्या (चिंता आणि नैराश्यावरच्या) गोळ्यांचा परिणाम यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढू शकते, हे आधी माहीत असलेलं बरं. मनाने बंद करू नका.

फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. जगणं नको असे विचार मनात येत असतील तर वाट बघत बसू नका. आत्ता फोन करा आणि घरातल्या किंवा खोलीतल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या.

‘डॉक्टरांनी मला वेड्यात काढलं’ असं सुरुवातीला मलाही वाटलं. फडफड खरी होती, मी ती बोटाने दाखवली होती. पण डॉक्टर फडफड खोटी आहे असं म्हणतच नव्हते. तिच्यापायी मी जे करत होतो त्यावर इलाज सांगत होते.

परत आली तर

येते. तापानंतर, परीक्षेच्या आधी, लग्नघरात तीन रात्री जागल्यावर. जागाही बदलते: माझी पोटरीतून अंगठ्यात गेली, मग बरगडीखाली. वर्षभराने भीतीनेच पत्ता बदलला आणि हृदयावर जाऊन बसली. तेव्हा नवं काही शोधलं नाही, रेघांची वही पुन्हा काढली.

डॉक्टरांशी एक करार करून ठेवा: पुन्हा कधी यायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. माझ्या चिठ्ठीच्या मागे असं आहे: एखादं रोजचं काम करता येईनासं झालं आणि दोन आठवड्यांत सुधारलं नाही, बोलण्यात किंवा गिळण्यात बदल झाला, स्नायू उघड बारीक झाला, तर या. फडफड नव्या जागी सुरू झाली, हे कारण त्या यादीत नाही.